मुंबईत हिमनदीने वाहून आणलेले दगड कुठे बघायला मिळतील? ते ओळखायचे कसे?

मुंबईत? कुठेच नाही. इथेच थांबलो असतो, पण हा विषय आमच्या सोसायटीत दर एजीएमला निघतो, म्हणून लिहितोय.

आम्ही घाटकोपरचे. रीडेव्हलपमेंटमध्ये पार्किंगसाठी खोदताना मुरमातून एक गोल गरगरीत काळा धोंडा निघाला. सेक्रेटरीसाहेब तेव्हा नुकतेच लडाख करून आले होते. त्यांनी तो गेटपाशी मांडला आणि शेजारी पितळी पाटी ठोकली: ‘हिमयुगातील शिळा’. मी जिऑलॉजीचा बीएस्सी. खाली जाऊन अंगठ्याने दाबलं, तर तपकिरी पापुद्रा हातात आला. त्याखाली दुसरा, तोही भुसभुशीत, आणि आत घट्ट काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. खालचा कातळही तोच. म्हणजे हा कुठूनही आलेला नाही. भेगांत पाणी मुरून कोपरे कुजले आणि जागच्या जागी कांद्यासारखा सोलत गेला.

साहेबांचा सवाल, “मग इतका गोल कसा?” अहो, गोल असणं हा पुरावाच नाही! कॅनडात कॅलगरीच्या दक्षिणेला ओकोटोक्सजवळ सुमारे १६,५०० टनांचा क्वार्टझाइटचा (एक कठीण खडक) धोंडा सपाट माळावर पडलाय. रॉकी पर्वतातल्या जॅस्परकडचा कडा कोसळून हिमनदीच्या पाठीवर पडला आणि शेकडो किलोमीटर वर बसूनच आला, म्हणून अजून कोनाकोपऱ्यांचा आहे. हिमनदीच्या तळाशी घासत येणाऱ्या दगडांवर समांतर ओरखडे उठतात. खरी ओळख म्हणजे दगडाची जात खालच्या कातळाशी जुळत नाही आणि त्या जातीचा डोंगर बर्फाच्या वाटेवर मागे कुठेतरी सापडतो.

महाराष्ट्रातच हिमनदीच्या खुणा बघायच्या तर चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाला जा. पैनगंगेच्या पात्रात ओरखडलेला, घोटलेला चुनखडक आणि त्यावर हिमनदीने टाकलेल्या गोट्यांचा थर, त्याला तालचेर म्हणतात. भूगर्भशास्त्रज्ञ फेडनने १८७५ सालीच लिहून ठेवलंय. ते बर्फ साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचं, आपला लाव्हा साडेसहा कोटींच्या आसपासचा. मुंबईत तसं काही असलंच तर लाव्ह्याखाली गाडलेलं, ते पार्किंगच्या खड्ड्यात निघत नाही. शेवटच्या हिमयुगातही इथे बर्फ नव्हतं, समुद्र मात्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता.

हो, हिमालयातलाही प्रत्येक धोंडा हिमनदीचा नसतो हं, दरडी आणि पूरही आणतात. इरईला हातोडा घेऊन जाऊ नका.

आणि तुमच्याही सोसायटीत अशी पाटी असेल तर आधी तिचं बिल मागा. आमच्याकडे ती ‘किरकोळ खर्चा’त घातलीय. मी लेखी हरकत दिलीय, उत्तर अजून नाही.