आधी मोजायला शीक

बालपोषणात संशोधन करायचंय, विषय सुचवा म्हणालीस. विषय मिळेल गं, आधी मोजायला शीक. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घेतात, पुढे उभं करून उंची. दोन्हींत साधारण ०.७ सेंमीचा फरक पडतो. आता मूल रडतंय, गुडघे आखडून घेतंय, आई घाईत. गुडघे सरळ झालेच नाहीत तर लांबी कमी भरते आणि चांगलं वाढणारं मूल वाढ खुंटलेल्यांत जमा होतं. माझा पहिला सगळा डेटा असाच वाया गेला. दंडाचा घेर मोजायची पट्टी मी इतकी आवळायचो की ११८ मिमीचं मूल ११५ च्या खाली जाऊन तीव्र कुपोषित ठरायचं! तेव्हा प्रत्येक मोजमाप दोघांनी, एकमेकांचा आकडा न बघता घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानकं सहा देशांतल्या मुलांवरून बनली. ती मुलं कशी निवडली, तेवढं नक्की वाच.

संख्याशास्त्रज्ञाला प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहितानाच गाठ, डेटा गोळा झाल्यावर नव्हे. ओपीडी मात्र पूर्ण सोडू नकोस. माझे संशोधनाचे निम्मे प्रश्न तिथे मुलांना घेऊन येणाऱ्या आयांनीच दिलेत.