कोठी भरलेली आहे, असे आपल्याला वाटते

नाशिकजवळच्या अंबडमधील एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या छत्तीस वर्षांच्या वाचकाने विचारले आहे की, आईवडील, पत्नी आणि मुलगी यांच्यासह केरळला जाण्यासाठी अडीच लाखांच्या एफडीतून एक लाख ऐंशी हजार काढावेत काय. त्यांचे वडील म्हणतात, ‘वर्षाचे गहू कोठीत भरले की जत्रेला खुशाल जावे, कोठी रिकामी ठेवून जत्रा नको, आणि कोठी भरून घरात बसून राहणेही नको.’

वडिलांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र आपण ज्याला भरलेली कोठी समजता, ती पत्रातली दुसरीच ओळ आहे: ‘बचतीची चिंता नाही, वर्षाला एक लाखाची पॉलिसी चालू आहे.’

ही पॉलिसी वीस वर्षांची, विमा रक्कम पंधरा लाख, आणि शेवटी ‘जवळपास दुप्पट’, म्हणजे छत्तीस लाख मिळतील, असे एजंटने सांगितले आहे. दरवर्षी एक लाख भरून वीस वर्षांनी छत्तीस लाख मिळणे म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास परतावा. तेच पैसे पीपीएफ या सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत योजनेत आजच्या 7.1 टक्के दराने चव्वेचाळीस लाखांवर जातात. करसवलतीचे म्हणाल, तर आपल्या पगारावर नव्या करप्रणालीत करच लागत नाही, मग वाचवायचे काय? त्याहून गंभीर गोष्ट अशी की घरावर बावीस लाखांचे कर्ज आहे. उद्या आपल्याला काही झाले, तर पंधरा लाखांत ते कर्जही फिटणार नाही. मुलीच्या शिक्षणाचे पुढे पाहू. विमा म्हणून अपुरे आणि गुंतवणूक म्हणून फिके असे उत्पादन ‘दोन्ही एकत्र’ म्हणून विकले जाते, याचा मला आता कंटाळा आला आहे.

आधी एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडेल, आणि अर्जात काहीही लपवू नका. तो कागद हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचा विचार करा. चार हप्ते भरले आहेत, म्हणजे पेड-अप केल्यास, पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास, पंधरा लाखांचा पाचवा भाग, तीन लाख, आणि जमा बोनस मुदतीअखेर मिळेल. सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडल्यास, आज त्याहून कमी, पण रोख. दोन्ही आकडे एजंटकडून तोंडी न घेता कंपनीच्या शाखेतून लेखी मागवा.

त्र्यंबक रस्त्यावरच्या प्लॉटचा भाव सिंहस्थात दुप्पट होईल ही आपली आशा मी हिशेबात धरलेली नाही. सिंहस्थ बारा वर्षांनी येतोच. गिऱ्हाईक त्याच्याबरोबर येईल असे नाही.

आता केरळ. महिन्याचा खर्च घरकर्जाच्या हप्त्यासह पंचेचाळीस हजार आहे, म्हणजे एफडी जेमतेम साडेपाच महिने पुरते. तिला हात लावू नका. पॉलिसीचा हप्ता थांबल्याने, टर्म विम्याचे पंधरा हजार वजा जाता, वर्षाला पंच्याऐंशी हजार सुटतात, दिवाळीचा बोनस चाळीस हजार, असे सव्वा लाख होतात. एक लाख ऐंशी हजारांच्या अंदाजात मुंबईहून विमानप्रवास धरला आहे. नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला जाते, तिने गेल्यास सहल सव्वा लाखात बसू शकते. वडिलांचे गुडघे दुखतात असे आपण लिहिले आहे, तेव्हा साठ दिवस आधी आरक्षण खुले होईल त्याच सकाळी खालचे बर्थ मागा.