ऑटो लेव्हलमधून (साइटवर उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्रातून) पाहिल्यावर मधल्या आडव्या रेघेच्या वर-खाली दोन आखूड रेघा दिसतात. त्या कशासाठी असतात?

त्या दोन रेघांना स्टेडिया म्हणतात आणि त्या अंतर काढण्यासाठी असतात. उंचीचं रीडिंग मात्र कायम मधल्या लांब रेघेवरच घ्यायचं. साइटवर नवीन पोरं घाईत आखूड रेघ वाचतात आणि मग लेव्हल वीस-वीस सेंटीमीटरने चुकते.

समजा स्टाफवर (समोर उभ्या धरलेल्या मापाच्या पट्टीवर) वरची रेघ 1.672, मधली 1.450 आणि खालची 1.228 मीटर आली. वरच्यातून खालची वजा केली की 0.444. त्याला 100 ने गुणलं की स्टाफ 44.4 मीटरवर उभा आहे. टेप धरायची गरज नाही. हे 100 कुठून आलं? भिंगाचं नाभीय अंतर त्या दोन रेघांमधल्या अंतराच्या शंभरपट असेल, अशा बेताने रेघा आखलेल्या असतात. जुन्या डंपी लेव्हलमध्ये (ऑटो लेव्हलच्या आधीचं यंत्र) या उत्तरात वरून थोडं अंतर मिळवावं लागे, हल्लीच्या मशीनमध्ये ते धरत नाहीत. फार अचूकतेची अपेक्षा ठेवू नका, वाचताना एका मिलिमीटरची चूक म्हणजे अंतरात दहा सेंटीमीटर.

खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. बॅकसाइट (उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं रीडिंग) आणि फोरसाइट (उंची काढायच्या पुढच्या बिंदूवरचं रीडिंग) यांची अंतरं सारखी ठेवली की मशीनची दृष्टिरेषा थोडी कलली असली तरी ती चूक आपोआप कटते, आणि ही अंतरं स्टेडियावर लगेच कळतात. दुसरं म्हणजे पडताळा. वरच्या-खालच्या रीडिंगची सरासरी मधल्याशी जुळली पाहिजे. एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा वाचा.

पूर्वी या जागी कोळ्याच्या जाळ्याचे खरे धागे ताणून बसवत. इंग्लंडच्या विल्यम गॅस्कॉइनला 1640 च्या सुमारास ही कल्पना सुचली ती दुर्बिणीत शिरलेल्या कोळ्यामुळेच, असं सांगतात. आता काचेवर कोरलेल्या रेघा असतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: आधी दुर्बीण आभाळाकडे (सूर्याकडे नव्हे!) किंवा पांढऱ्या कागदाकडे धरून आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) फिरवा, रेघा काळ्या आणि ठसठशीत दिसेपर्यंत. मगच स्टाफवर फोकस करा. डोळा किंचित वर-खाली केल्यावर रेघ स्टाफवरून सरकताना दिसली तर पॅरॅलॅक्स (डोळा हलल्याने रेघ सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) शिल्लक आहे, ते रीडिंग वहीत लिहू नका. दुसऱ्या माणसाने डोळा लावला की आयपीस पुन्हा जुळवायचा, कारण प्रत्येकाची नजर वेगळी.