चार चिनी मुलं आणि तुझा इंग्रजीचा तास

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

चीनमध्ये, नानजिंगला, तुझ्या कॅम्पसवरच्या चार चिनी मुलांनी इंग्रजी बोलण्याचा सराव घे म्हणून तुला गळ घातली, आणि तू मला विचारतेस, "मावशी, माझं इंग्रजी कुठे अमेरिकन आहे? मी काय शिकवणार?" अगं, शिकवायचं नाहीच आहे. त्या मुलांपाशी इंग्रजी तुझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ आहे, फक्त ते तोंडातून बाहेर पडत नाही. शांघायला होतो त्या वर्षांत शेजारच्या मुलांबरोबर मी हाच उद्योग केलाय. या कामात अमेरिकन उच्चारांपेक्षा मराठी जास्त उपयोगी पडते, हे मी तुला खात्रीने सांगते.

पण आधी पैशाचं बोलू. तू विद्यार्थी व्हिसावर गेली आहेस. विद्यापीठाची परवानगी आणि निवास परवान्यावर तशी नोंद नसताना फी घेऊन शिकवणं तिकडे बेकायदा नोकरीत जमा होतं. जुलै 2013 पासून लागू असलेल्या कायद्यात त्याला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर काही दिवस कोठडीही. "सगळेच करतात" म्हणणारा एखादा एजंट भेटेलच, त्याच्या नादी लागू नकोस. सरळ अदलाबदल कर. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास चिनी. तुझं एमबीबीएस इंग्रजीतून असलं, तरी उद्या वॉर्डात गेल्यावर नानजिंगची आजी "इथे कळ येते" हे तुला इंग्रजीत सांगणार नाही.

आता ही मुलं कुठून आली ते बघ. 2001 च्या आदेशानंतर तिकडे टप्प्याटप्प्याने तिसरीपासून इंग्रजी आलं. पुढे बारावीनंतरची ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, काओखाओ. एकूण 750 गुण, त्यात इंग्रजीचे 150. आता बऱ्याच प्रांतांत चालणाऱ्या पेपरात ऐकण्याला 30, वाचनाला 50, गाळलेल्या जागांना 30 आणि लेखनाला 40 असतात. बेरीज करून बघ, बोलण्याला काहीच उरत नाही. शांघाय, पेइचिंग (बीजिंग), ग्वांगदोंग अशा काही ठिकाणी बोलण्याचे गुण धरतात, पण तो अपवाद. कॉलेजात गेल्यावर जून आणि डिसेंबरात 'चौथ्या पातळी'ची इंग्रजी परीक्षा. 710 पैकी 425 मिळाले की सुटलो, अशी सगळ्यांची समजूत. तिचीही तोंडी परीक्षा वेगळी आणि ऐच्छिक. जिथे गुण तिथे कष्ट, हे दहावी-बारावी काढलेल्या मराठी मुलीला मी काय सांगायचं!

म्हणून समोरची मुलगी तुला न येणारे शब्द लिहून दाखवेल आणि "काल काय केलंस?" विचारलं की गप्प बसेल. या प्रकाराला ते स्वतःच 'मुकं इंग्रजी' म्हणतात. शब्दसंग्रहाच्या पुस्तकांवरचा त्यांचा एक विनोदही आहे. याद्या वर्णक्रमाने असतात आणि सुरुवातीलाच 'अबॅन्डन' येतो, म्हणजे सोडून द्या. मग मुलं पहिल्याच पानावर आज्ञा पाळतात. हा विनोद तू आधी केलास तर अर्धा संकोच तिथेच जाईल.

पहिल्या दिवशी "स्वतःबद्दल सांगा" म्हणू नकोस. त्याचं उत्तर पाठ असतं. "हाउ आर यू" म्हटलंस की "फाइन, थँक यू, अँड यू?" येणार, आणि संभाषण तिथेच संपणार. त्यांच्यात वाद असेल असं काहीतरी विचार. नानजिंग ज्यात येतं त्या च्यांगसू प्रांतात मोठी शहरं 13, आणि प्रत्येक शहराचा माणूस आधी आपल्या शहराचा आणि मग प्रांताचा, हा तिथला जुना थट्टेचा विषय. सूचौचा आणि श्वीचौचा असे दोघे समोर बसव आणि विचार, कुणाकडचं जेवण चांगलं? एकाचं गोडसर, दुसऱ्याचं खारट-तिखट. किंवा नानजिंगचं खारवलेलं बदक घरी कसं करतात ते तुला, न खाणाऱ्या मुलीला, समजावून सांगायला लाव. तुला खरंच माहीत नसलेली गोष्ट विचारलीस की ते परीक्षा विसरतात. राजकारण मात्र बाजूला ठेव. तू तिथे पाहुणी आहेस, आणि भर ग्रुपात त्या विषयावर बोलायला लागलं तर त्यांचीच अडचण होते.

विचारल्यावर ते गप्प राहतील. ती शांतता तू भरून काढू नकोस. आपल्याला सवय असते, समोरचा अडला की आपणच वाक्य पुरं करतो. त्यांना मनात वाक्य जुळवून, तपासून, मगच बोलायचं असतं, कारण चारचौघांत चूक म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून आधी दोघादोघांना आपापसात बोलू दे, मग सगळ्यांसमोर. जो अगदीच बोलत नाही त्याला वीचॅटवर व्हॉइस मेसेज पाठवायला सांग. तो 60 सेकंदांचाच असतो, आणि पाठवण्याआधी हवा तितक्या वेळा पुन्हा बोलता येतो. लाजाळू मुलाला याहून सोयीचं काही नाही.

आता उच्चारांचं, कारण इथे तुझ्यामुळेच गोंधळ होईल. चिनीत आपला प-ब असा भेद नाही, त्यांचा भेद प-फ असा आहे. फ म्हणजे फळ म्हणताना ओठ मिटून सुटतो तो. रोमन लिपीत ते ज्याला 'बी' लिहितात तो खरं तर आपला प, आणि 'पी' लिहितात तो आपला फ. आपली वर्तमानपत्रं त्या परीक्षेला 'गाओकाओ' छापतात ती याच लिपीवर विसंबून. तिथल्या माणसाच्या तोंडून तू ऐकशील ते 'काओखाओ'. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क कोरडे उच्चारतो, हवा सोडत नाही. इंग्रज सोडतो. त्यामुळे तू "आय एट अ पेअर" म्हणालीस की त्यांना 'बेअर' ऐकू येणार, आणि तू अस्वल खाल्लंस असं वाटून ते एकमेकांकडे बघणार. तोंडासमोर कागदाची पट्टी धर आणि ती हलेल असा 'फेअर' म्हण. 'टाउन'चा ट ठ-कडे ने, 'कोट'चा क ख-कडे. आठवडाभरात जमेल, आणि तुझं इंग्रजी सगळीकडेच जास्त स्वच्छ ऐकू येईल.

त्यांच्या बाजूच्या अडचणी वेगळ्या. चिनी अक्षरोच्चार स्वरावर संपतो किंवा न, ङ यांवर, फार तर र. म्हणून 'फूड', 'फूट' यांचा शेवट गिळला जातो, नाहीतर मागे एक स्वर चिकटतो. त्यांना सांग की शेवटचं अक्षर जमत नसेल तर आधी स्वराची लांबी सांभाळा: 'बॅग'मधला अॅ लांब, 'बॅक'मधला आखूड. ऐकणारा बरंचसं त्यावरूनच ओळखतो. नानजिंगच्या बोलीत न आणि ल एक होतात, इतके की शहराचं नाव 'निळा देवमासा' असं ऐकू येतं म्हणून तिथलेच लोक हसतात. तेव्हा कुणी 'नाइट'ला 'लाइट' म्हणालं तर नवल करू नकोस. 'थिंक'मधला पहिला ध्वनी किंवा 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांतला फरक मात्र तू शिकवायला जाऊ नकोस. तो आपल्यालाच येत नाही. त्यासाठी रेकॉर्डिंग लाव आणि त्यांच्याबरोबर तूही म्हण.

दुसरी मोठी गोष्ट 'ही' आणि 'शी'. चिनी बोलण्यात तो, ती, ते सगळ्याला एकच 'था'. लिहिताना अक्षरं वेगळी, म्हणून निबंधात चूक सापडत नाही, पण बोलताना आईचा 'ही' होतो आणि बापाची 'शी'. प्रत्येक वेळी टोकलंस तर ते बोलणंच थांबवतील. यावर एक उपाय सांगते. या मुलांचं पाठांतर दांडगं असतं. पहाटे मैदानाच्या कडेला मोठमोठ्याने वाचणारी मुलं तू पाहिली असशीलच. पाठांतराला नावं ठेवू नकोस, आपणही पाढ्यांवरच वाढलो. त्यांना आईबद्दलचा एक छोटा परिच्छेद पाठ करू दे. दुसऱ्या दिवशी तोच मामाबद्दल म्हणायला लाव. तिसऱ्या दिवशी तोच, पण सगळं गेल्या वर्षी घडलं असं धरून. सर्वनामं, क्रियापदाचा 'एस', भूतकाळ हे सगळं तोंडात बसतं, आणि अर्थ आधीच ठाऊक असल्याने लक्ष फक्त रूपावर राहतं. मी जे जे करून पाहिलं त्यात हे सगळ्यांत लवकर लागू पडलं.

बाकी चुकांचं म्हणशील तर बोलणं चालू असताना टोकू नकोस. कागदावर लिहीत जा, आणि शेवटी प्रत्येकाला त्याचं एकच वाक्य दुरुस्त करून दे. 'अ' आणि 'द' यांच्या मागे लागू नकोस, अर्थाचं त्यावाचून फारसं अडत नाही. काही चुका तर तुझ्या कानाला खटकणारच नाहीत, तिथे सावध राहा. "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चिनीत जोडी लागते, आपल्यातही जरी-तरी लागतं, म्हणून तुला ते बरोबरच वाटेल. तसंच "जेवली नाहीस ना?" याला आपण "हो, नाही जेवले" म्हणतो. तेही असाच 'यस' म्हणतात. तुमचं आपापसात बरोबर जमेल आणि परीक्षक बुचकळ्यात पडेल.

आता वाचन. इथे ते तुझ्या पुढे आहेत असं तुला वाटेल. चौथ्या पातळीच्या परीक्षेत वाचनाला 40 मिनिटं आणि 35 टक्के गुण. त्यासाठी ते शिकलेत उत्तर हुडकायला. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधायचा, 'बट' किंवा 'हाउएव्हर' दिसला की त्याच्या पुढचं वाक्य धरायचं. शांघायला एका मुलीने पाचही उत्तरं माझ्यासमोर बरोबर दिली. मी विचारलं, लेखकाला या नव्या योजनेबद्दल काय वाटतं? ती म्हणाली, "तो प्रश्न दिलेला नाही." खोटं नव्हतं!

म्हणून प्रश्न काढून टाक. एकच उतारा दे, दोन जणांना पहिला अर्धा, दोघांना दुसरा. वाचून झालं की कागद पालथा. आता एकमेकांना तोंडी सांगून पूर्ण गोष्ट जुळवायची. मतभेद होतातच. ते झाले की कागद उलटायचा आणि कोणत्या वाक्यात तसं म्हटलंय ते बोट ठेवून दाखवायचं. वाचन आणि बोलणं यांचे वेगळे तास घेऊच नकोस. वाचलेलं सांगायचं असतं म्हणून नीट वाचलं जातं, आणि सांगायला काही असतं म्हणून बोललं जातं. काओखाओत पाच रिकाम्या जागी सातांतली पाच वाक्यं बसवायचा प्रश्न असतो, तो त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याचाच खेळ कर: वाक्यांच्या पट्ट्या काप, आणि प्रत्येकाने आपली पट्टी इथेच का हे इंग्रजीत पटवून द्यायचं. उरलेल्या दोन पट्ट्या का बसत नाहीत यावर जास्त भांडण होतं, ते होऊ दे.

घोडं पेंड खातं ते लांब वाक्यांत. "द मॅन हूज सन वी मेट इन द लायब्ररी टीचेस अॅनाटमी." अॅनाटमी कोण शिकवतं? निम्मे जण म्हणतील मुलगा. याचं कारण तुला कुठल्याही अमेरिकन माणसापेक्षा लवकर कळेल. चिनीत विशेषण कितीही लांब असलं तरी नामाच्या आधीच येतं. "वो त्स्वोथ्येन माइ त शू", मी काल घेतलेलं पुस्तक. बघ, शब्दाला शब्द मराठीचा क्रम. इंग्रजी आधी पुस्तक हातात देते आणि मग कुठलं ते सांगत बसते. शेपूट लांबलं की आपलं आणि त्यांचं डोकं मूळ नाम विसरतं आणि जवळच्या नामाला क्रियापद बहाल करतं. तेव्हा वाचताना आधी मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायला लाव, मग त्याचा कर्ता शोधायला, आणि मधला सगळा भाग कंसात टाकायला. वरच्या वाक्यात 'टीचेस'खाली रेघ, कर्ता 'मॅन', बाकी कंसात. नंतर तेच वाक्य त्यांना चिनीत आणि तू मराठीत म्हणून बघा. दोन्हीकडे कंस उचलून पुढे ठेवावा लागतो, हे त्यांना दिसलं की गाठ सुटते. फार अवघड उतारे मात्र घेऊ नकोस. पानावर दर ओळीला शब्द अडत असेल तर ते वाचन नव्हे, कोशाची हमाली आहे.

तुझ्या उच्चारांवर कुणीतरी नाक मुरडेल. भारतीय उच्चारांची थट्टा तिकडे चालते, आणि अमेरिकन उच्चार म्हणजेच इंग्रजी अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तू वाद घालू नकोस. जगात ज्यांच्याशी ते इंग्रजीत बोलणार आहेत त्यांतले बरेचसे तुझ्या-माझ्यासारखेच आहेत, हे त्यांना नोकरीत गेल्यावर कळतं. ज्याला फक्त अमेरिकन हवं आहे त्याला जाऊ दे. तीन उरले तरी तास चांगला चालतो.

चौघांपैकी एकाला आयेल्ट्स (IELTS) ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे म्हणालीस. त्याला वेगळा थोडा वेळ दे. तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात विषय मिळाल्यावर एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलणं असतं. ती मुलं तयारीच्या मिनिटात पूर्ण वाक्यं लिहायला जातात आणि पहिल्याच वाक्यात मिनिट संपतं. त्याला चारच शब्द लिहू दे. त्याची कुठली तारीख आहे ते मला कळव, आणि तुझ्या चिनीच्या अर्ध्या तासावर त्यांचं इंग्रजी अतिक्रमण करत नाही ना, तेही लिही.

तुझी,
मावशी