मुलीला सामाजिक नवोपक्रम शिकायचा आहे. पुढे नोकरीचे काय?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बँकेत किंवा विमा कंपनीत माहिती विश्लेषणाची नोकरी सहज मिळेल इतके तिचे गुण चांगले आहेत, आणि तरीही तिने सामाजिक नवोपक्रम या विषयातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाण्याचे मनात घेतले आहे. ‘ही तर समाजसेवा झाली, तिने घर चालते का, आणि नोकरीच्या बाजारात या विषयाला काही किंमत आहे का?’ असे आपण विचारले आहे. आपला रोख विरोधाचा नसून काळजीचा आहे, हे पत्रातून स्पष्ट दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समाजसेवा आणि सामाजिक नवोपक्रम यांत फरक आहे. एखादी गरज बाजारही भागवत नाही आणि सरकारी व्यवस्थेलाही नीट भागवता येत नाही, अशा ठिकाणी माणसे, पैसा आणि काम यांची नवी मांडणी करून ती गरज टिकाऊपणे भागवणे, असा या विषयाचा साधा अर्थ आहे. अशा संस्थांच्या स्वतःच्या कार्यालयांत किती जागा निघतात, एवढ्यावरून आपण या क्षेत्राचा अंदाज बांधलात तर तो फसेल, कारण त्या जागा फार नसतात. या क्षेत्राचा खरा प्रभाव इतरत्र दिसतो: कोणाला कामावर घ्यायचे, एका माणसाच्या कामात काय काय यायचे आणि कामगार कोणाला म्हणायचे, हेच त्यातून बदलत जाते.

डेन्मार्कमधील स्पेशलिस्टर्न या कंपनीचे उदाहरण पाहा. २००४ मध्ये ती थॉर्किल सोन यांनी सुरू केली. त्यांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले होते, आणि अशा मुलांकडे बारकाव्यांवर तासन्‌तास लक्ष ठेवण्याची क्षमता असूनही मोठेपणी त्यांना नोकरी मिळत नाही, हे त्यांना दिसत होते. सॉफ्टवेअरच्या चाचणीत नेमकी हीच क्षमता लागते. अडथळा कामात नव्हता, तो मुलाखतीत होता, कारण अनोळखी माणसाच्या नजरेला नजर देऊन स्वतःविषयी बोलणे हे त्या उमेदवाराला सर्वांत अवघड जाते आणि निवड मात्र त्यावरच ठरते. सोन यांनी मुलाखतच बाजूला ठेवली. उमेदवाराला लेगोचे यंत्रमानव जुळवून चालवायला द्यायचे, तो सूचना कशा वाचतो, अडल्यावर काय करतो, कुठे थांबतो हे शांतपणे पाहायचे, आणि त्यावरून त्याचे काम ठरवायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. पुढे २०१३ मध्ये एसएपी या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्याच साहाय्याने स्वमग्न उमेदवारांची भरती सुरू केली. मूळ कंपनी लहानच होती, पण निवडीची तिची रीत मोठ्या कंपनीने उचलली, आणि रोजगारावरचा परिणाम मोजायचा तो इथे.

कामाची आखणी कशी बदलते, हे नेदरलँड्समधील बुर्टझोर्ग या संस्थेत दिसते. त्या देशात घरी जाऊन रुग्णसेवा देण्याचे काम इतके तुकड्या-तुकड्यांत वाटले गेले होते की एकाच वृद्ध रुग्णाकडे इंजेक्शनला एक परिचारिका, आंघोळ घालायला दुसरी आणि पायाची पट्टी बदलायला तिसरी येई, आणि प्रत्येकीची मिनिटे वेगळ्या नोंदीखाली मोजली जात. स्वतः परिचारक असलेल्या योस दे ब्लोक यांनी २००६ मध्ये मोजक्या सहकाऱ्यांसह वेगळी रचना उभी केली. जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा एक गट एका परिसराची सगळी जबाबदारी घेतो, वेळापत्रक स्वतः आखतो, नवीन सहकारी स्वतः निवडतो, आणि त्याच्यावर व्यवस्थापक नसतो. आज तिथे हजारो परिचारिका काम करतात. एरवी कौशल्य असूनही थकून व्यवसाय सोडून जाणाऱ्या माणसांना काम टिकवून धरावेसे वाटणे, ही कोणत्याही श्रमबाजारातली फार मोठी गोष्ट आहे, आणि माझ्या मते या विषयाच्या चर्चेत तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

कामगार कोणाला म्हणायचे, या प्रश्नावर कामगार नेत्या इला भट्ट यांचे काम मूलभूत आहे. १९७२ मध्ये ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेची नोंदणी करताना, या स्त्रियांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध, असा आक्षेप घेतला गेला होता. कामगार संघटना ही मालकाविरुद्ध असण्याआधी कामगारांच्या एकजुटीसाठी असते, ही त्यांची भूमिका शेवटी मान्य झाली. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये जो करार केला, त्यामागे या संघटनेचा मोठा पाठपुरावा होता. इटलीने १९९१ च्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांना मान्यता दिली आणि त्यांतील एका प्रकारात किमान ३० टक्के कामगार अपंग, व्यसनाधीन किंवा अन्य वंचित गटांतील असावेत अशी अट घातली. नियमांत असा बदल झाला की नोकऱ्यांची व्याप्ती कायमची वाढते.

आता आपल्या मुलीच्या संख्याशास्त्राकडे येतो, कारण माझ्या उत्तराचा गाभा तिथे आहे. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्याने दहा ठिकाणी एक प्रयोग मंजूर झाला. वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या ज्या व्यक्तीची इच्छा असेल तिला तिचे कौशल्य पाहून, परिसरातील न भागलेल्या गरजांशी जुळणारे, किमान वेतनाचे कायम काम द्यायचे, अशी ही योजना आहे. बेकारीपोटी होणारा सरकारी खर्च वाचतो, तोच वेतनाकडे वळवता येईल, असा तिच्यामागचा युक्तिवाद होता. पुढे सरकारी तपासणीत बचत अपेक्षेइतकी होत नसल्याचे दिसले, तर माणसांचे आरोग्य, आत्मविश्वास आणि घरची स्थिती यांतला फरक त्या हिशेबात कसा धरायचा यावर वाद झाला, आणि २०२० मध्ये प्रयोगाला मुदतवाढ व विस्तार मिळाला. हा सगळा वाद शेवटी मोजणीचा आहे. काय मोजायचे, कोणाशी तुलना करायची, किती काळ वाट पाहायची, हे ठरवणारी प्रशिक्षित माणसे या क्षेत्राला फार हवी आहेत, आणि सदिच्छा असलेली पण आकड्यांना बिचकणारी माणसे त्या मानाने पुष्कळ आहेत. ‘सामाजिक’ हे विशेषण लावलेली प्रत्येक योजना उपयोगी असतेच असे नाही. काही ॲप-आधारित व्यवसाय नवोपक्रम म्हणून मिरवतात आणि सारी जोखीम काम करणाऱ्याच्या गळ्यात घालतात. यातला फरक दाखवून देणे हे संख्याशास्त्रज्ञाचेच काम आहे.

त्यामुळे माझा सल्ला असा की तिने संख्याशास्त्र सोडू नये. पदव्युत्तर शिक्षण त्याच विषयात किंवा त्याला लागून असलेल्या उपयोजित अर्थशास्त्रात, लोकसंख्याशास्त्रात किंवा धोरण-मूल्यमापनात घ्यावे, आणि सामाजिक नवोपक्रमाला प्रकल्पाचा विषय करावे. हे कौशल्य बँकेलाही लागते, सरकारी विभागालाही लागते आणि सामाजिक संस्थेलाही लागते, म्हणजे दारे बंद होत नाहीत. याउलट केवळ नवोपक्रमाची पदवी घेतलेल्या उमेदवाराला ‘तुम्हाला नेमके काय करता येते?’ या प्रश्नाचे उत्तर देताना अडचण येते. तिचा आग्रह त्याच अभ्यासक्रमाचा असेल, तर त्यात क्षेत्रकार्य किती महिन्यांचे आहे, संख्यात्मक पद्धतींचे किती विषय आहेत, आणि गेल्या तीन वर्षांतील विद्यार्थी आज कोणत्या पदांवर आहेत, हे महाविद्यालयाला लेखी विचारावे. माजी विद्यार्थ्यांच्या पदांची माहिती मिळत नसेल तर शुल्क भरू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

उत्पन्नाबद्दल आपल्याला अंधारात ठेवणे योग्य होणार नाही. सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा बहुधा कमीच असतो. मात्र अस्थिरता सर्वत्र सारखी नसते, आणि ती ओळखण्यासाठी संस्थेचा पैसा कुठून येतो हे पाहावे लागते. ज्या संस्थेचे उत्पन्न सेवा विकून किंवा सरकारशी झालेल्या दीर्घ करारातून येते तेथील नोकरी, आणि एकाच देणगीदाराच्या तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पातील नोकरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखतीत उमेदवाराने हे विचारणे उद्धटपणाचे नाही. घरावर शैक्षणिक कर्ज किंवा अन्य जबाबदारी असेल, तर पहिली दोन-तीन वर्षे बँकेत काढून मग या क्षेत्रात येणे हा पूर्णपणे सन्मान्य मार्ग आहे, आणि तिथे मिळालेला अनुभव इथे वाया जात नाही.

निर्णयाआधी तिने एक करावे. सुट्टीत सहा-आठ आठवडे, रोजगाराशी संबंधित एखाद्या सामाजिक संस्थेत माहितीच्या नोंदी तपासण्याचे काम मागून घ्यावे आणि संस्थेने काम मिळवून दिलेल्या माणसांपैकी किती जण वर्षभरानंतरही कामावर आहेत, एवढा एकच प्रश्न तिथे घेऊन बसावे. नोंदी अपुऱ्या असतील, पत्ते बदललेले असतील, फोन लागणार नाहीत, आणि तरी उत्तर शोधायचे असेल. त्या कामात तिचे मन रमते की नाही, हे तिला आणि आपल्यालाही कळेल. त्यानंतर दोन्ही अभ्यासक्रमांची माहितीपत्रके आणि तिने तयार केलेला छोटा अहवाल माझ्याकडे पाठवावा. पुढचे बोलणे मी तिच्याशीच, आपल्या उपस्थितीत करेन.

आपला,
करिअर मार्गदर्शक