अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करायचा असेल तर...

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. एखादा प्रोग्रॅम इन्स्टॉल होत नाही, एखादी फाइल आपोआप गायब होते, कॉम्प्युटर संथ चालतो आणि मग कुणीतरी सुचवतं, ‘अँटिव्हायरस बंद करून बघ.’ त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रकात ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलं आहे. करावा का? आणि केला तर कोणत्या क्रमाने?

पहिला प्रयत्न अँटिव्हायरस चालू ठेवूनच करा. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

या सूचनेमागे कारण मात्र खरं आहे. इन्स्टॉलर थोड्या वेळात शेकडो फाइल्स टेंपररी फोल्डरमध्ये उलगडतो, त्यांची नावं बदलतो, त्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये हलवतो. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा त्याचा भाग, फाइल्सच्या या ये-जा करण्याच्या वाटेवरच बसलेला असतो आणि उघडली जाणारी फाइल क्षणभर रोखून तपासतो. नेमकी तीच फाइल इन्स्टॉलरने त्याच क्षणी हलवायला घेतली, की ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं आणि काम अर्ध्यावर अडकतं.

अडकलंच तर लगेच बंद करायला धावू नका. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. इन्स्टॉलेशन अडकलं त्या वेळेची एखादी नोंद तिथे आहे का? नोंद नसेल तर बहुधा दोष दुसरीकडे आहे. डिस्कवर जागा नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नाहीत, जुनी आवृत्ती मागे चालू आहे किंवा विंडोज अपडेटनंतरचं रीस्टार्ट राहून गेलं आहे, ही नेहमीची कारणं आधी तपासा.

नोंद असेल आणि प्रोग्रॅम विश्वासाचा असेल, तर क्रम असा ठेवा. इन्स्टॉलर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, अँटिव्हायरस चालू असतानाच डाउनलोड करा. इन्स्टॉल करताना इंटरनेट न लागणारी, म्हणजे ऑफलाइन आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब बघा. तिथे कंपनीचं नाव हवं, आणि ‘डिटेल्स’ दाबल्यावर सिग्नेचर ओके असल्याचा संदेश यायला हवा. कंपनीने फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या आशयावरून काढलेली तिची ओळखखूण) दिला असेल तर आपल्याकडच्या फाइलचा हॅश काढून ती ६४ अक्षरं जुळवा. मग ब्राउझर आणि ईमेल बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, वाय-फाय बंद करा. आता ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ खालच्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ बंद करा, इन्स्टॉल करा आणि संपल्यासंपल्या ते पुन्हा चालू करा. वाय-फाय त्यानंतरच. शेवटी नवीन प्रोग्रॅमचा फोल्डर स्कॅन करा आणि एक ‘क्विक स्कॅन’ चालवा.

फायरवॉलला या सगळ्यात हात लावायचा नाही. ती वेगळी गोष्ट आहे. ती फाइल्स तपासत नाही, नेटवर्कवरून होणारी ये-जा अडवते. फाइल हलवताना आलेल्या अडचणीशी तिचा संबंध नसतो.

प्रश्न : विंडोजमधलं रिअल-टाइम प्रोटेक्शन मी बंद करतो आणि ते थोड्या वेळाने आपोआप चालू होतं. कायमचं बंद कसं करू?

ते चालू होतं हा बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं आहे. विंडोजसोबत येणाऱ्या अँटिव्हायरसचं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं, हे बटण थोड्या वेळापुरतंच आहे. माणूस बंद करतो आणि विसरतो, हे गृहीत धरून ते स्वतःच चालू होतं. बंद असतानाही ठरलेल्या वेळचे स्कॅन चालू राहतात. फक्त नव्याने आलेल्या किंवा उघडलेल्या फाइल्स त्याच वेळी तपासल्या जात नाहीत.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे) बदल करून ते कायमचं बंद करण्याच्या युक्त्या सुचवल्या जातात. २०१९ पासून विंडोज १० मध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आलं आहे. असे बदल ते हाणून पाडतं. ते बंद करू नका. तुमच्यासाठी जी युक्ती चालेल तीच घुसलेल्या व्हायरसलाही चालेल. थोड्या वेळात न संपणारं काम असेल, तर तुम्हाला अँटिव्हायरस बंद करायचाच नाहीये. तुम्हाला ठरावीक फाइल्सना तपासणीतून सूट द्यायची आहे. ती कशी, ते पुढच्या उत्तरात बघा.

प्रश्न : मी प्रोग्रॅमिंग करते. कोड कंपाइल होताना अँटिव्हायरसमुळे प्रचंड वेळ लागतो. दर वेळी बंद-चालू करणं जमत नाही.

करूही नका. ‘मॅनेज सेटिंग्ज’च्या पानावर खाली ‘एक्सक्लूजन्स’ आहे. तिथे फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार किंवा प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) अशा चार प्रकारांनी सूट देता येते. फोल्डरला दिलेली सूट त्याच्या आतल्या सगळ्या फोल्डरना लागू होते, म्हणून शक्य तितका आतला फोल्डर निवडा. संपूर्ण प्रोजेक्टला सूट देण्याऐवजी कंपाइलर जिथे हजारो छोट्या फाइल्स लिहितो, तेवढ्या आउटपुट फोल्डरला दिली तरी बऱ्याचदा पुरते.

प्रोसेसच्या सुटीबद्दल बरेच गैरसमज आहेत. कंपाइलरची प्रोसेस यादीत टाकली, तर ती प्रोसेस ज्या फाइल्स उघडते त्या रिअल-टाइम तपासणीतून सुटतात. खुद्द कंपाइलरची फाइल सुटत नाही. प्रोसेस टाकताना नुसतं नाव न देता पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरसह पूर्ण पत्ता, द्या. नुसतं नाव दिलं तर त्या नावाची कुठलीही फाइल, कुठल्याही फोल्डरमधून, ती सूट वापरू शकते.

सी ड्राइव्ह, डाउनलोड्स, डेस्कटॉप आणि टेंपररी फोल्डर यांना कधीही सूट देऊ नका. बाहेरून येणारी बहुतेक घाण आधी तिथेच उतरते. दर महिन्या-दोन महिन्यांनी यादी उघडून बघा आणि नको त्या नोंदी काढा. तुम्ही किंवा तुमच्या एखाद्या प्रोग्रॅमने न टाकलेली नोंद दिसली, तर ती गंभीर बाब समजा. कॉम्प्युटरमध्ये शिरल्यावर स्वतःच्या फोल्डरला सूट मिळवणं हे मालवेअरचं, म्हणजे घातक प्रोग्रॅमचं, नेहमीचं काम आहे.

विंडोज ११ वापरत असाल तर ‘डेव्ह ड्राइव्ह’ही बघा. हा प्रोग्रॅमिंगच्या कामासाठी वेगळा बनवायचा ड्राइव्ह आहे. त्यासाठी किमान ५० जीबी जागा लागते. त्यावर डिफेंडर फाइल उघडायला लगेच वाट देतो आणि तपासणी मागाहून करतो, त्यामुळे संरक्षण न सोडता वेग मिळतो.

प्रश्न : माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस आहे. त्यात बंद करायचं बटण सापडत नाही.

घड्याळाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की लपलेली चिन्हं दिसतात. अँटिव्हायरसच्या चिन्हावर राइट क्लिक करा. ‘पॉज’, ‘डिसेबल’ किंवा ‘शील्ड्स कंट्रोल’ यांसारखा पर्याय तिथे असतो. उदाहरणार्थ, अवास्टमध्ये १० मिनिटं, १ तास, कॉम्प्युटर रीस्टार्ट होईपर्यंत आणि कायमचं, असे चार पर्याय येतात. नेहमी सर्वांत लहान मुदत निवडा. काम उरलं तर पुन्हा १० मिनिटं घेता येतात.

त्याआधी हे बघा, की सगळंच बंद करायची गरज आहे का? अशा प्रोग्रॅममध्ये फाइल्स, वेब आणि मेल यांचे पहारे वेगवेगळे असतात. एखादी साइट सर्टिफिकेटची तक्रार करत उघडत नसेल, तर बऱ्याचदा वेबचा पहारेकरी मध्ये आलेला असतो. सुरक्षित कनेक्शनच्या आत डोकावण्यासाठी तो स्वतःचं सर्टिफिकेट वापरतो आणि काही प्रोग्रॅमना ते चालत नाही. तेवढ्याच साइटला अपवाद द्या. फाइल्सचा पहारा चालूच राहू द्या.

आणि दोन अँटिव्हायरस एकाच वेळी रिअल-टाइम चालवत असाल तर आधी एक काढून टाका. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि संथपणाचं मूळ तिथेच निघतं.

प्रश्न : मुलाने एका गेमची क्रॅक केलेली आवृत्ती उतरवली. सोबतच्या फाइलमध्ये लिहिलं आहे, ‘अँटिव्हायरस चुकून पकडतो, बंद करून चालवा.’ दहा मिनिटांनी काय बिघडणार?

सगळं बिघडू शकतं. कृपया चालवू नका.

माहिती चोरणारे मालवेअर याच वाटेने पसरतात, आणि त्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही लॉगिन केलेलं आहे याची ब्राउझरमधली नोंद) गोळा करून पाठवायला थोडाच वेळ पुरतो. त्यानंतर काही मालवेअर स्वतःला पुसूनही टाकतात. नंतर अँटिव्हायरस चालू केला, स्कॅन स्वच्छ आला, तरी गेलेली माहिती परत येत नाही. लॉगिनची कुकी हाती लागली तर पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताच तुमच्या खात्यात शिरता येतं.

अँटिव्हायरस चुकतो, हे खरं. पण चुकला की नाही हे ती फाइल देणाऱ्याने सांगून चालत नाही. शंका असलेली फाइल ‘व्हायरसटोटल’ या साइटवर टाकून बघता येते, तिथे ती सुमारे ७० अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासली जाते आणि ६५० एमबीपर्यंतची फाइल चालते. नामांकित कंपनीची सही असलेल्या फाइलवर एखाद-दुसऱ्या इंजिनाने बोट ठेवलं, तर चूक असू शकते. वीस इंजिनांनी ठेवलं तर विषय संपला. उलट, शून्य आलं म्हणजे फाइल निर्दोष ठरली असंही नाही. नवीन मालवेअर पहिले काही तास सुटून जातो. आणि तिथे टाकलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते, म्हणून खाजगी कागदपत्रं कधीही टाकू नका.

फाइल चालवून झाली असेल तर कॉम्प्युटरचं इंटरनेट ताबडतोब तोडा. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळ्यात आधी ईमेलचा, आणि प्रत्येक खात्यातून ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलून काही ठिकाणी जुनं लॉगिन चालूच राहतं. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. तरीही शंका उरली तर विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा उपाय आहे.

प्रश्न : निळी खिडकी येते, ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’. अँटिव्हायरस बंद करून बघू का?

नाही, ते स्मार्टस्क्रीन आहे, म्हणजे अनोळखी फाइलबद्दल इशारा देणारी विंडोजची सोय. फाइल फारशा लोकांनी वापरलेली नाही किंवा तिच्यावर ओळखीची सही नाही, एवढंच ते सांगतं. फाइलची खात्री असेल तर ‘मोअर इन्फो’ दाबून ‘रन एनीवे’ निवडा. तसंच एखाद्या प्रोग्रॅमला फक्त डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह करता येत नसेल, तर ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ (महत्त्वाच्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमना बदल करू न देणारी सोय) बघा आणि तेवढ्या प्रोग्रॅमला परवानगी द्या.

प्रश्न : सेटिंगचं बटण राखाडी दिसतं आणि ते ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात असल्याचा संदेश येतो.

कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर आयटी विभागाला सांगा. सूट द्यायची की नाही हा निर्णय त्यांचा. घरच्या कॉम्प्युटरवर हे दिसलं तर आधी काढलेल्या अँटिव्हायरसचे अवशेष किंवा मालवेअर, दोन्ही शक्य आहे. ऑफलाइन स्कॅनपासून सुरुवात करा.

प्रश्न : पुन्हा चालू केल्यावर अँटिव्हायरस खरंच काम करतोय हे कसं कळणार?

घड्याळाशेजारच्या ढालीवर हिरवी खूण हवी. लाल फुली असेल तर संरक्षण बंद आहे. याहून पक्की परीक्षा म्हणजे ‘आयकार’ या संस्थेची चाचणी फाइल. फक्त ६८ अक्षरांची ही ओळ पूर्ण निरुपद्रवी आहे. ती व्हायरस समजून पकडायची असं अँटिव्हायरस कंपन्यांनीच ठरवलेलं आहे. आयकारच्या साइटवरून ती ओळ नोटपॅडमध्ये घ्या आणि डेस्कटॉपवर सेव्ह करा. संरक्षण चालू असेल तर काही क्षणांत सूचना येते, आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त आयकार टेस्ट फाइल अशी नोंद दिसते. सूट दिलेल्या फोल्डरमध्ये सेव्ह केली तर मात्र ती पकडली जाणार नाही, म्हणून जागा विचार करून निवडा.