होमस्टेच्या काउंटरवरच्या लॅपटॉपवर कुठला ब्राउझर ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात हरमलला चार खोल्यांचा होमस्टे आहे, काउंटरवर एकच विंडोज लॅपटॉप. बँकही त्यावरच, परदेशी पाहुण्यांचे सी फॉर्म, म्हणजे त्यांच्या मुक्कामाची सरकारला द्यायची नोंद, तीही त्यावरच आणि पाहुण्यांना प्रिंट हवी असली तर तीही त्यावरच. मुलगा म्हणतो क्रोम काढून ब्रेव्ह टाका, सीए म्हणतात क्रोमला हात लावू नका. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. तुमच्यावर नजर कोण ठेवतं हा मुलाचा प्रश्न, तो गोपनीयतेचा. आत कोण घुसू शकतं आणि काम कुठे अडतं हा सीएंचा. क्रोम दुसऱ्यात पक्का आणि पहिल्यात ढिला आहे.

आधी घुसखोरीचं बोलू, पैसे जातात ते तिथूनच. क्रोम प्रत्येक साइटला वेगळ्या खोलीत कोंडून ठेवतो, म्हणजे एका टॅबमधल्या लबाड पानाला शेजारच्या टॅबमधल्या बँकेत डोकावता येऊ नये. कॉम्प्युटरवर हे 2018 पासून आहे. फायरफॉक्सने तशीच भिंत 2021 च्या अखेरीस उभारली. मायक्रोसॉफ्टचा एज आणि ब्रेव्ह तर क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत. त्यामुळे कॉम्प्युटरवर या चौघांपैकी कुठलाही घेतलात तरी सुरक्षेत तुम्हाला जाणवेल असा फरक पडत नाही. फरक पडतो तो अपडेट खरोखर लागलं की नाही यावर.

आणि काउंटरवरच्या लॅपटॉपचं नेमकं तिथेच बिघडतं. क्रोम 2023 पासून जवळपास दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती पाठवतो. ती आपोआप उतरते, पण ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. रात्री नुसतं झाकण पाडायचं आणि सकाळी उचलायचं, अशाने महिना-महिना जुनाच ब्राउझर चालत राहतो. तीन टिंबं, मग हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम उघडा. तिथे रीलाँचचं बटण दिसलं तर दाबा. हंगामात दर सोमवारी एवढं करायचं. खाली विंडोज कुठलं आहे तेही बघा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 7 वर तर क्रोम 109 व्या आवृत्तीवर, म्हणजे 2023 च्या सुरुवातीलाच, थांबला. अशा मशीनवर ब्राउझर कुठला घ्यावा यावर वाद घालणं म्हणजे कुडाच्या भिंतीला सागवानी दार बसवणं.

आता पाळतीचं. तुम्ही एक पान उघडता तेव्हा त्यात आणखी दहा कंपन्यांचे तुकडे असतात. एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा पन्नास साइटवर असला की तिची कुकी, म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये तिने ठेवलेली ओळखचिठ्ठी, तुम्हाला पन्नास ठिकाणी ओळखते. ही परकी कुकी बंद करू असं गूगलने 2020 मध्ये जाहीर केलं, मग तारीख पुढे ढकलत राहिले आणि 2025 मध्ये बेत सोडूनच दिला. फायरफॉक्समध्ये 2022 पासून प्रत्येक साइटला कुकीची वेगळी बरणी मिळते, एकीतलं दुसरीत जात नाही. ब्रेव्ह पहिल्या दिवसापासून परकी कुकी आणि जाहिराती दोन्ही अडवतो. क्रोममध्ये ते हाताने करावं लागतं: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज, ब्लॉक. त्यानंतर एखादं पेमेंटचं पान किंवा बुकिंगचं कॅलेंडर कोरं दिसू लागलं, तर पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावरून फक्त त्या साइटला सूट द्या. सगळं पुन्हा मोकळं करून ठेवू नका.

जाहिरात अडवणं हा निव्वळ शांततेचा मामला नाही, सुरक्षेचाही आहे. सर्चच्या माथ्यावरच्या जाहिराती विकत घेऊन भामटे बँका आणि कंपन्यांची खोटी पानं दाखवतात. 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयने त्याच कारणावरून लोकांना अ‍ॅड ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला होता. यातलं सर्वांत चांगलं साधन यूब्लॉक ओरिजिन. ते पूर्ण रूपात आता क्रोमवर चालत नाही, तिथे त्याचं लाइट रूप तेवढं मिळतं. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं.

पण एक्स्टेंशन, म्हणजे यूब्लॉकसारखी ब्राउझरला वरून लावायची जोडणी, ही दुधारी सुरी आहे. घालताना ‘सर्व साइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागतात ना, त्या ‘सर्व’मध्ये तुमची बँकही येते. ग्रेट सस्पेंडर नावाचं नावाजलेलं एक्स्टेंशन मूळ मालकाने दुसऱ्याला दिलं आणि 2021 मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढून टाकावं लागलं. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं, मालक बदलला होता. म्हणून कूपनवाली, पीडीएफवाली, फुकट व्हीपीएनवाली सगळी काढून टाका.

तर तुमच्या काउंटरसाठी मी अशी वाटणी करीन. क्रोम राहू द्या, पण फक्त बँक, जीएसटी, सी फॉर्म आणि गोवा ऑनलाइन या सरकारी सेवांच्या पोर्टलसाठी, आणि त्यात एकही एक्स्टेंशन नको. सरकारी पोर्टलं बहुधा क्रोमवर तपासून घेतलेली असतात, त्यामुळे जमिनीच्या नोंदीचा वन-फोर्टीनचा उतारा काढताना पान अडकलं अशी वेळ कमी येते. या पाच-सहा साइटचे बुकमार्क करा आणि तिथूनच आत जा, बँकेचं नाव सर्चमध्ये टाकून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली होती, तेव्हा बुकमार्क करताना पत्ता त्यावरच संपतोय ना, बघून घ्या. नुसत्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. ते कुलूप ज्यामुळे दिसतं ते एचटीटीपीएस, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारी जोडणी, खोट्या पानालाही फुकटात मिळतं, आणि क्रोमने तर 2023 मध्ये पट्टीतलं ते कुलूपच काढून टाकलं.

बातम्या, हॉटेलांचे भाव, यूट्यूब, बाकी सगळी भटकंती फायरफॉक्समध्ये करा, यूब्लॉक ओरिजिन घालून. मुलगा ब्रेव्हवर अडून बसला तर फायरफॉक्सच्या जागी ब्रेव्ह घाला, बिघडत काही नाही. मला त्यातलं क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्डचं लटांबर काउंटरवर नको वाटतं. शिवाय 2020 मध्ये एका क्रिप्टो एक्स्चेंजचा पत्ता टाइप करताना ब्रेव्ह स्वतःचा कमिशनचा कोड त्यात घुसडत होता, ओरड झाल्यावर काढला. त्यामुळे ‘ब्रेव्ह म्हणजे सोवळा’ असं मानू नये, एवढंच.

एका ठिकाणी मात्र गोपनीयता आणि सुरक्षा खरोखर समोरासमोर येतात: क्रोमचं सेफ ब्राउझिंग, म्हणजे धोक्याच्या पानाआधी इशारा देणारी सोय. तिचे दोन प्रकार. स्टँडर्डमध्ये पत्त्याचा सांकेतिक रूपात गुंडाळलेला तुकडाच तपासायला जातो. एन्हान्स्डमध्ये तुम्ही उघडलेले पत्ते आणि पानांचे काही नमुने गूगलकडे जातात, त्या बदल्यात नवं खोटं पान लवकर पकडलं जातं. आपल्या वाटणीत याचं उत्तर सोपं होतं. त्या क्रोममध्ये पाच-सहाच साइट उघडणार आहेत, त्यातून गूगलला तुमच्याबद्दल कळून कळणार किती? तिथे एन्हान्स्ड चालू करा.

आता तुमच्याकडचा खरा नाजूक ऐवज, पाहुण्यांचे पासपोर्ट. सी फॉर्म पाहुणा आल्यापासून 24 तासांत भरायचा असतो, म्हणून तो घाईत भरला जातो, आणि ब्राउझर मागे बसून सगळं लक्षात ठेवतो. पासपोर्ट क्रमांकाच्या चौकटीत पहिलं अक्षर टाकून बघा. गेल्या हंगामातल्या पाहुण्यांचे क्रमांक खाली उलगडतील. बाणाच्या कळीने एकेकावर जाऊन शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं की तो जातो. मग सेटिंग्जमधल्या ऑटोफिलमध्ये जाऊन पत्ते जतन करणं बंद करा. पासपोर्ट-व्हिसाचे स्कॅन डेस्कटॉपवर पसरून ठेवण्याची सवयही मोडायला हवी, ब्राउझर कितीही चांगला असला तरी त्याला ते झाकता येत नाहीत.

पाहुण्याला प्रिंट हवी असली की क्रोममध्ये वर गोल चित्रावर टिचकी मारून गेस्ट खिडकी उघडून द्या. तिच्यात तुमचे पासवर्ड, बुकमार्क, इतिहास काहीच दिसत नाही, आणि खिडकी बंद केली की त्याचं व्हॉट्सअ‍ॅप वेबही लॉगआउट होतं. उतरवलेल्या फाइल मात्र जात नाहीत. बोर्डिंग पास, आधार, व्हिसा, सगळं डाउनलोड्स फोल्डरमध्ये साठत राहतं. तो रोज रात्री रिकामा करायचा आणि नंतर रीसायकल बिनही. काउंटर सोडताना विंडोजची कळ आणि एल दाबून पडदा लॉक करा, नाहीतर तुमच्या खिडकीत कोणीही परत जाऊ शकतो.

इन्कॉग्निटो गेस्टच्या जागी वापरू नका. तो तुमच्याच मशीनवरचा इतिहास तेवढा पुसतो, साइटना आणि इंटरनेटवाल्याला तुम्ही तसेच दिसत राहता. यावरूनच गूगलवर 2020 मध्ये अमेरिकेत खटला भरला गेला आणि 2024 मध्ये जुना डेटा पुसण्याचं मान्य करून त्यांनी तो मिटवला.

फोनवर गणित थोडं बदलतं. भारतातल्या आयफोनवर कुठलाही ब्राउझर घाला, आत अ‍ॅपलचं वेबकिट हे इंजिनच चालतं, तेव्हा तिथे डोकं शिणवू नका. अँड्रॉइडवर फायरफॉक्सची ती साइटगणिक भिंत बराच काळ क्रोमइतकी पक्की नव्हती, म्हणून फोनवर बँकेसाठी बँकेचं अ‍ॅप किंवा क्रोम. त्याहून मोठा धोका एपीके फाइलचा, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट अ‍ॅप घालणाऱ्या फाइलचा. ट्रॅफिक चलन, लग्नपत्रिका अशा नावांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल मॅनेजर या तिन्हींसमोर परवानगी बंद करा. मुलाच्या फोनवरही करा, ब्रेव्हवाल्यांना वाटतं आपल्याला काही होत नाही. आणि पैसे गेलेच, तर बँकेच्या शाखेत रांग लावण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.